लाइफ जॅकेट, गार पाणी आणि जनरेटरचा धूर : अमेरिकेतल्या बोटिंगच्या कायद्यांमागचं वैद्यकशास्त्र

मे महिना जवळ आला की दवाखान्यात एक ठरावीक गर्दी सुरू होते. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेले आई-बाबा. चार महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या, इन्शुरन्सच्या फॉर्मवर सही करा, विमानात पाय सुजतात त्याला काय करू. हल्ली या यादीत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "डॉक्टर, जावयाने तळ्यावर बोट बुक केली आहे. माझी बायपास झालेली, बसलं तर चालेल ना?"

बसायला बहुतेकांना हरकत नसते. मी उलटा प्रश्न विचारतो, की लाइफ जॅकेट घालणार ना? यावर पुरुषांचं उत्तर जवळजवळ पाठ असल्यासारखं येतं : "मला पोहता येतं हो. विहिरीत शिकलोय." बायका म्हणतात, "फोटोत किती गबाळं दिसतं ते!"

तिकडे पोचल्यावर कळतं की नियमांचा केवढा मोठा पसारा आहे. न्यूयॉर्कचे वेगळे, कॅलिफोर्नियाचे वेगळे, फ्लोरिडाचे आणखी वेगळे. अमुक वयाच्या मुलाने जॅकेट घालायचं, अमुक महिन्यांत सगळ्यांनीच घालायचं, बोटीच्या मागच्या फळीला लटकायचं नाही. सुट्टीच्या दिवशी हा जाच वाटतो. म्हणून आज तुम्हाला या नियमांचा इतिहास सांगतो. मला त्यात रस आहे तो डॉक्टर म्हणून. यातले बरेचसे नियम कुणीतरी "हा माणूस नेमका कशाने गेला?" हा प्रश्न चिकाटीने विचारला म्हणून जन्माला आले आहेत.

बेशुद्ध भूलतज्ज्ञ आणि पोहण्याचा तलाव

आधी जॅकेटबद्दल. पाण्यात उभ्या असलेल्या साधारण प्रौढ माणसाला डोकं वर ठेवायला फार जोर लागत नाही. शरीराचं बहुतेक वजन पाणीच पेलतं. आणखी ३ ते ५ किलोंचा वर उचलणारा जोर मिळाला की बहुतेकांची हनुवटी पाण्याबाहेर राहते. साध्या फोमच्या जॅकेटचा जोर ७ किलोंच्या आसपास असतो. म्हणजे हिशेब सोपा आहे, आणि माणसांना तो पूर्वीच कळला होता. ब्रिटनमध्ये लाइफबोट संस्थेचे निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ साली खलाशांसाठी बुचाच्या तुकड्यांचं जॅकेट तयार केलं. फेब्रुवारी १८६१ मध्ये व्हिटबी गावाजवळ वादळात बचावाची बोट उलटली. तेरा जणांपैकी बारा बुडाले. वाचलेल्या हेन्री फ्रीमनच्या अंगात हे नवं बुचाचं जॅकेट होतं. बाकीचेही समुद्रावर वाढलेले कोळीच होते, हे लक्षात घ्या.

पण नुसतं तरंगणं पुरेसं आहे का? दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न ब्रिटिश हवाई दलापुढे आला. समुद्रात पडणारा वैमानिक बऱ्याचदा जखमी किंवा बेशुद्ध असायचा. जॅकेट त्याला तरंगत ठेवेल, पण त्याचं नाक पाण्याबाहेर राहील का? याची चाचणी कशी घ्यायची? शुद्धीवरच्या माणसाने बेशुद्धीचं कितीही सोंग आणलं, तरी नाकात पाणी गेलं की तो मान उचलतोच. त्या काळचे पुतळेही माणसासारखे पाण्यात लोळत नव्हते.

तेव्हा एडगर पास्क नावाचे तरुण भूलतज्ज्ञ पुढे आले. त्यांनी स्वतःला ईथरची भूल द्यायला लावली. श्वासनळीत नळी घातलेल्या, पूर्ण बेशुद्ध अवस्थेत त्यांना वेगवेगळी जॅकेटं चढवून तलावात सोडलं जाई. त्यांचे वरिष्ठ, ऑक्सफर्डचे प्राध्यापक रॉबर्ट मॅकिंटॉश, या कामात त्यांच्या बरोबर होते. काही जॅकेटं पास्क यांना छान तरंगत ठेवायची, पण तोंड पाण्याखाली! भूल देणाऱ्या आमच्या मित्रांना ही गोष्ट सांगितली की ते क्षणभर गप्प होतात. कारण ईथरची गाढ भूल, ओली नळी आणि पोहण्याचा तलाव या तिन्ही गोष्टी एकत्र आणायच्या म्हणजे काय, हे त्यांना कळतं. पास्क यांनी हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा केलं. कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या पद्धती तपासण्यासाठीही ते असेच भुलीखाली गेले. पुढे ते न्यूकॅसलला प्राध्यापक झाले आणि १९६६ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षाच्या आत-बाहेर, वारले.

बेशुद्ध माणसाला उलटं करून तोंड वर आणणारं जॅकेट वेगळं आणि नुसतं तरंगवणारं वेगळं, हा भेद आज प्रत्येक जॅकेटच्या लेबलवर दिसतो. अमेरिकी कोस्ट गार्डच्या जुन्या वर्गवारीत पहिल्या प्रकारचं जॅकेट, म्हणजे खुल्या समुद्रासाठीचं जाडजूड, बहुतेक बेशुद्ध माणसांना उताणं करतं. तिसऱ्या प्रकारचं, म्हणजे तळ्यावर सगळे घालतात ते सुटसुटीत, तशी हमी देत नाही. नव्या लेबलांवर आकडे आणि चित्रं असतात. माणूस आपोआप उताणा होईल की त्याला स्वतः वळावं लागेल, हे त्या चित्रांतून कळतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, फिट येणारे, हृदयाचे ठोके अधूनमधून चुकणारे जे माझे पेशंट आहेत, त्यांनी हे चित्र नीट बघावं. पाण्यात पडताना डोकं काठावर आपटलं तर तुमची अवस्था त्या वैमानिकासारखीच होणार आहे.

"असावं" आणि "घालावं"

अमेरिकेत मौजेच्या बोटींसाठी कायदा यायला कारण ठरलं पेट्रोलचं इंजिन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साध्या माणसांकडेही मोटारबोटी आल्या आणि बंदरांत गोंधळ माजला. १९१० साली केंद्राने मोटारबोटींचा कायदा केला. दिवे, भोंगा, आग विझवायचं साधन आणि बोटीवरच्या प्रत्येकाला तरंगवेल असं काहीतरी, पट्टा, जॅकेट किंवा गादी, हाताशी असलं पाहिजे. १९४० साली हाच कायदा अधिक तपशिलात आला. वल्ह्यांच्या होड्या आणि कनू मात्र दोन्ही वेळा बाहेरच राहिल्या. इंजिन नाही, मग धोका कसला, असा हिशेब असावा. बुडण्यासाठी इंजिन लागत नाही.

माझ्या मते खरं वळण १९५८ सालचं. त्या वर्षीच्या कायद्याने बोटींना नंबर द्यायचं काम राज्यांकडे सोपवलं. कॅलिफोर्नियाच्या बोटीच्या नाकाडावर सीएफ, न्यूयॉर्कच्या एनवाय, ही अक्षरं दिसतात ती तेव्हापासूनची. त्याच कायद्याने अपघातांची माहिती गोळा करायची व्यवस्था लावली. कंटाळवाणं वाटलं तरी आमच्या धंद्यात यालाच सगळ्यात जास्त किंमत आहे. पटकीच्या साथीत कोण कुठल्या पंपाचं पाणी प्यायलं हे लिहून काढलं, तेव्हा रोगाचा माग लागला. बोटींचंही तसंच झालं. कोण बुडालं, बोट केवढी होती, पाणी शांत होतं की खवळलेलं, जॅकेट अंगात होतं की बाकाखाली, दारू प्यायली होती का, हे वर्षानुवर्षं कागदावर उतरत गेलं.

मग चित्र वेगळंच दिसलं. लोकांच्या मनात बोटीचा अपघात म्हणजे वादळ, अजस्र लाटा. प्रत्यक्षात बहुतेक अपघात शांत पाण्यात, चांगल्या हवेत, लहान बोटींवर. कुणीतरी उभं राहिलं, मासा ओढायला एका बाजूला झुकलं, तोल गेला, बोट कलंडली.

१९७१ साली मोठा केंद्रीय कायदा आला आणि कामाची वाटणी झाली. बोट कशी बांधायची ते केंद्र ठरवणार. ती कुणी आणि कशी चालवायची, त्याचं शिक्षण, गस्त, दंड हे मुख्यतः राज्यांनी बघायचं, त्यासाठी केंद्र पैसे देणार. २० फुटांखालच्या बहुतेक मोटारबोटींवर एक पत्र्याची पट्टी आली : किती माणसं, किती वजन. पाणी भरलं तरी लहान बोट दगडासारखी तळाला न जाता सपाट तरंगत राहावी, म्हणजे माणसांना धरायला काहीतरी उरेल, असे नियम पुढच्या काही वर्षांत आले. वल्ह्यांच्या होड्याही आता जॅकेटच्या नियमात आल्या. १९७३ साली अमेरिकेत मौजेच्या बोटींवर सतराशेहून अधिक माणसं दगावली होती. २०२३ साली हा आकडा ५६४ होता.

त्या पत्र्याच्या पट्टीबद्दल वाचताना मला वडोदऱ्याचं हरणी तळं आठवतं. जानेवारी २०२४ मध्ये शाळेची सहल घेऊन निघालेली बोट तिथे उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त जण बोटीत होते आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेटं नव्हती.

आता अमेरिकी कायद्यातली एक गंमत बघा, गंमत म्हणावी का हा प्रश्नच आहे. १९१० पासून आजपर्यंत मोठ्या माणसांसाठी कायदा मुख्यतः एवढंच म्हणतो की जॅकेट बोटीवर असावं. ते घालावं, असं जेट स्कीसारखे अपवाद सोडले तर बहुतेक राज्यांत वर्षभरासाठी कुणी म्हणत नाही. २०२३ च्या अहवालात मृत्यूचं कारण कळलेल्यांपैकी पाऊण लोक बुडून गेले होते आणि त्या बुडालेल्यांपैकी ८७ टक्क्यांच्या अंगात जॅकेट नव्हतं. बऱ्याच जणांचं ते बोटीतच कुठेतरी असणार. पाण्यात पडल्यावर, ओल्या कपड्यांत, हात थरथरत असताना जॅकेट चढवून त्याचे बंद लावणं किती अवघड आहे, हे एकदा पोहण्याच्या तलावात करून बघा. गाडी ठोकल्यावर सीटबेल्ट लावायला जाण्यासारखा हा प्रकार आहे.

मुलांच्या बाबतीत मात्र कायदा घालण्यापर्यंत गेला. केंद्राचा नियम २००२ चा : चालत्या बोटीवर १३ वर्षांखालच्या मुलांच्या अंगात जॅकेट हवं. केबिनच्या आत असतील तर सूट. पण राज्याने स्वतःचं वय ठरवलं असेल तर तिथे राज्याचं चालतं. त्यामुळे कॅलिफोर्नियात १३ वर्षांखालची, न्यूयॉर्कमध्ये १२ वर्षांखालची आणि फ्लोरिडात ६ वर्षांखालची मुलं, तीही फ्लोरिडात २६ फुटांहून लहान बोटींवर, असा प्रकार आहे. सात वर्षांच्या नातवाची फुप्फुसं फ्लोरिडात गेल्यावर बदलत नाहीत. तेव्हा आजोबांनी सगळ्यांत कडक नियम धरावा, एवढंच मी सांगेन. आणि जॅकेट मुलाच्या वजनाचं हवं. मोठ्याचं जॅकेट लहानाला घातलं की ते वर सरकतं आणि मूल त्यातून खाली निसटतं. खांद्याला धरून वर उचलून बघा. कानापर्यंत सरकलं, तर ते त्याचं नाही.

नोव्हेंबरपासून का?

न्यूयॉर्क राज्यात १ नोव्हेंबर ते १ मे या काळात २१ फुटांहून लहान बोटीवर लहानथोर सगळ्यांनीच जॅकेट घालायचं असतं. पेनसिल्व्हेनियात १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल, १६ फुटांखालच्या बोटींवर आणि कुठल्याही कनू-कयाकवर. उन्हाळ्यात ज्या मोठ्या माणसावर सक्ती नाही, त्याच्यावर हिवाळ्यात का? कारण पाणी गार असतं. पण गार पाणी माणसाला मारतं कसं, याबद्दल वैद्यकाची समजूतही बराच काळ अपुरी होती.

पूर्वी असं धरलं जायचं की गार पाण्यात माणूस हळूहळू गारठतो, शरीराचं तापमान उतरतं आणि मग तो जातो. पण त्याला वेळ लागतो. बर्फाळ पाण्यातसुद्धा साधारण अर्धा तास आणि त्याहून जास्त. मग धडधाकट, पोहणारी माणसं पहिल्या दोन-तीन मिनिटांत, काठापासून हाकेच्या अंतरावर कशी बुडतात? ब्रिटिश नौदलाचे डॉक्टर फ्रँक गोल्डन, शरीरशास्त्रज्ञ माइक टिप्टन अशा मंडळींनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याचा पिच्छा पुरवला. स्वयंसेवकांना गार पाण्यात उतरवून श्वास, नाडी, रक्तदाब मोजले.

उत्तर कातडीत सापडलं. साधारण १५ अंश सेल्सियसच्या खालच्या पाण्यात अचानक पडलं की कातडीतल्या नसा मेंदूकडे एकदम हाकाटी पाठवतात आणि माणूस तोंड उघडून जोरात श्वास ओढतो. तो थांबवणं हातात नसतं. डोक्यावर बालदीभर गार पाणी ओतल्यावर तुम्हीही "हाऽऽ" करता, तोच तो श्वास. फक्त त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. पुढची मिनिटभर धाप आवरत नाही, श्वास रोखून धरता येत नाही. त्याच वेळी कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब उसळतो, हृदय धावू लागतं. बायपास झालेल्या माणसाला तर हा धक्का फारच महाग पडू शकतो. याला कोल्ड शॉक म्हणतात. पहिली एक-दोन मिनिटं निभावली की तो ओसरतो. मग दहा-पंधरा मिनिटांत हातापायांचे स्नायू गार पडून बोटं वळेनाशी होतात. पोहणारा पोहू शकत नाही, दोर धरता येत नाही. खरा गारठा त्यानंतरचा.

म्हणजे पहिल्या मिनिटात तोंड पाण्याबाहेर ठेवायला कुणीतरी हवं. तुमचं पोहणं त्या मिनिटात तुमच्या कामाचं नसतं. ते काम जॅकेटचं. विहिरीत शिकलेल्यांनी रागावू नये. आपल्याकडच्या विहिरीचं पाणी आणि मे महिन्यात बर्फ वितळून भरलेल्या तळ्याचं पाणी यांत फार फरक आहे. हवा २५ अंश असते, सगळे अर्ध्या बाह्यांत असतात, आणि पाणी मात्र आठ-दहा अंशांवर. उतरण्याआधी हात घालून बघा.

लेक पॉवेलची मुलं

आता ज्या प्रकरणासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो.

युटा आणि ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवर कोलोरॅडो नदीवर धरण बांधून लेक पॉवेल नावाचा अवाढव्य जलाशय तयार झाला आहे. लाल कड्यांमधून आत गेलेली निळी बोटं. लोक हाउसबोटी भाड्याने घेऊन तिथे आठवडाभर राहतात. उन्हाळ्यात रणरण असते, त्यामुळे बोटीवर एसी, आणि एसीसाठी पेट्रोलचा जनरेटर.

ऑगस्ट २००० मध्ये अशाच एका बोटीमागे दोन भाऊ पोहत होते. एक अकरा वर्षांचा, एक आठचा. बोटीच्या मागे पोहायला उतरण्यासाठी एक फळी असते. तिच्याखाली, पाण्याच्या वर, थोडी पोकळी असते. मुलांना अशी गुहेसारखी जागा दिसली की ती शिरणारच. त्याच पोकळीत जनरेटरचा धूर सोडलेला होता. दोघेही काही मिनिटांत बेशुद्ध झाले आणि पाण्याखाली गेले.

पाण्यातून काढलेला मृतदेह म्हटल्यावर कारणाच्या रकान्यात "बुडून" असं लिहून प्रकरण मिटलं असतं. पण या मुलांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला, मारक प्रमाणात. हा वायू रंगहीन, वासहीन. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरतं. म्हणजे रक्त फुप्फुसातून जातं, फिरतं, पण मेंदूपर्यंत प्राणवायू पोचवत नाही. दार-खिडक्या बंद करून शेगडी पेटवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठत नाही, ती बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो. पण उघड्या आकाशाखाली, वारा वाहत असताना, पाण्यात पोहताना? हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

त्या भागात आपत्कालीन सेवेचं काम बघणारे डॉक्टर रॉबर्ट बॅरन, केंद्राच्या कामगार-आरोग्य संस्थेतल्या जेन मॅकॅमन आणि उद्यानाची मंडळी यांनी जुन्या नोंदी उपसल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारी साप्ताहिक अहवालात निष्कर्ष आले. १९९० ते २००० या काळात त्या एका जलाशयावर बोटींच्या धुराने विषबाधेच्या १११ घटना. त्यांतल्या ७४ हाउसबोटींवरच्या आणि त्यांत सात मृत्यू. फळीखालच्या पोकळीत वायू मोजला, तर जिथे माणसाने क्षणभरही थांबू नये अशी जी मर्यादा ठरलेली आहे, तिच्या कित्येक पट निघाला. काही जण पोकळीत शिरलेही नव्हते. फळीवर बसले होते, किंवा इंजिनजवळ पाण्यात होते.

इथे थोडं थांबून विचार करा. बुडालेल्या माणसाच्या रक्ताची ही एक तपासणी केली नाही, तर तो कायमचा "पोहता पोहता दमला" किंवा "उडी मारली आणि वर आलाच नाही" असा उरतो. आई-वडील आयुष्यभर स्वतःला दोष देतात की आपलं लक्ष नव्हतं. शोध सुरू झाल्यावर देशभरातून अशी जुनी प्रकरणं बाहेर यायला लागली.

२००१ मध्ये कोस्ट गार्डने अशा धोकादायक धुराड्यांच्या हाउसबोटी परत बोलावून दुरुस्त करायला लावल्या. पुढे कमी विषारी धूर सोडणारे जनरेटर आले. राज्यांनीही कायदे केले. कॅलिफोर्नियात तेव्हा तरुणांमध्ये एक खेळ निघाला होता : चालत्या बोटीच्या मागची लाकडी फळी हाताने धरायची आणि तिच्यामागच्या लाटेवर अंग झोकून द्यायचं. जॅकेट नाही, कारण त्याने लाटेवर घसरता येत नाही. तोंड धुराड्यापासून दोन-चार फुटांवर आणि जवळच फिरता पंखा. काही तरुण त्यात गेल्यावर राज्याने २००४ साली कायदा करून हा खेळ बंद केला आणि बोटींवर कार्बन मोनॉक्साइडच्या इशाऱ्याची पट्टी लावणं सक्तीचं केलं. पुढे इतर काही राज्यांनीही असे कायदे केले. भाड्याच्या बोटीच्या मागच्या बाजूला पिवळ्या रंगाची ती पट्टी दिसली, तर तिच्यामागे कुणाकुणाची मुलं आहेत ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

धूर मागून पुढेही येतो. बोट हळू चालली असेल, मागून वारा असेल किंवा पुढची काच आणि कनात लावलेली असेल, तर बोटीच्या मागे पोकळी तयार होऊन धूर उलटा आत ओढला जातो.

दारूबद्दल दोन शब्द

जवळजवळ सगळ्या राज्यांत बोट चालवताना रक्तातल्या दारूची मर्यादा गाडीसारखीच, ०.०८ टक्के आहे. युटात दोन्हींना ०.०५. पण मोजमाप चालवणाऱ्याचं होतं आणि पाण्यात पडतो तो बऱ्याचदा बाकावरचा. ऊन, वारा, इंजिनाची थरथर यांनी तोल आणि लक्ष आधीच मंदावलेलं असतं, त्यात दोन बिअर. पाण्यात पडल्यावर वर कुठलं आणि खाली कुठलं हे कानातल्या ज्या यंत्रणेने कळतं, तीच गोंधळलेली. शिवाय दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, त्यामुळे अंगातली ऊब लवकर जाते. "गरम वाटतं" ते त्यामुळेच. झोपेच्या, चिंतेच्या, खाजेच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही हे स्वतःला लागू करून घ्यावं.

आपल्याकडे १९१७ सालचा ब्रिटिश काळातला कायदा जाऊन २०२१ साली नद्या-तलावांतल्या बोटींसाठी नवा केंद्रीय कायदा आला. पण नियम लोकांच्या लक्षात येतो तो अपघातानंतरच, हे इथेही दिसलं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. १५ जण गेले. त्यानंतर गेटवेवर प्रवाशांनी जॅकेट घालणं सक्तीचं झालं. पानशेत-पवनेच्या काठावर कुणी विचारत नसेल, तर तुम्ही मागून घ्या, आणि बंद लावून घ्या. नुसतं गळ्यात अडकवलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी ज्या राज्यात बोटीत बसणार त्याचे नियम मुलाला आधी बघायला सांगावेत. कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्कमध्ये २०२५ पासून मोटारबोट चालवायला कुठल्याही वयाच्या माणसाला शिक्षणाचं कार्ड लागतं, भाड्याच्या बोटींना थोडे वेगळे नियम असतात. तुम्ही नुसते बसणार असाल तर तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत : जॅकेट अंगात, इंजिन किंवा जनरेटर चालू असताना मागच्या फळीवर बसायचं नाही, आणि बोट उलटली तर काठाकडे पोहत न सुटता बोटीलाच धरून राहायचं.

आणि एक लक्षण ध्यानात ठेवा. बोटीवर डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं, तर घरचे म्हणतात बोट लागली किंवा ऊन लागलं. तसं असेलही. पण एकाच वेळी दोघा-तिघांना होत असेल, किंवा मागे बसलेल्यालाच होत असेल, तर इंजिन बंद करा, त्याला मोकळ्या हवेत पुढच्या बाजूला न्या आणि ९११ ला फोन करा. करोनाच्या दिवसांत घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र बरेच जण अजून पिशवीत बाळगतात. या वेळी त्याच्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्त आणि प्राणवायूने भरलेलं रक्त त्या यंत्राला सारखंच लाल दिसतं, आणि पेशंट गुदमरत असताना ते ९८ दाखवतं. रुग्णवाहिका आल्यावर "बोटीच्या धुराजवळ होता" एवढं वाक्य आधी सांगा, म्हणजे ते रक्ताची बरोबर तपासणी करतील आणि प्राणवायू लगेच सुरू करतील.